ऑपरेशन दवाखान्यात, दुखणं घरी

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. मी मध्ये अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातल्याच गोष्टीने करते. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या, चिऊच्या, टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं. वय वर्षं पाच. सकाळी उपाशीपोटी नेली, संध्याकाळी घरी आणली. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. निघताना हातात डिस्चार्ज कार्ड दिलं. त्यावर एक अँटिबायोटिक, आणि खाली पॅरासिटामॉल सिरप, 5 एमएल, आणि पुढे तीन अक्षरं : एसओएस. वहिनीने विचारलं, एसओएस म्हणजे? काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘दुखलं तर द्या.’

संपलं. ‘दुखलं तर द्या.’

घरी आल्यावर चिऊ रडत नव्हती. आजीच्या मांडीवर गप्प बसून होती. पाणी पुढे केलं की मान फिरवायची. माझी आई कौतुकाने म्हणाली, ‘शहाणी आहे गं पोर, एवढं ऑपरेशन झालं तरी हूं का चूं नाही.’ वहिनीनेही तोच अर्थ घेतला : रडत नाही म्हणजे दुखत नाही, मग उगाच औषध कशाला. संध्याकाळी एकदा दिलं होतं, तेवढं पुरे. रात्री दोनला चिऊ किंचाळत उठली. आता औषध द्यायचं तर ते गिळायला हवं, आणि दुखत होता नेमका घसाच. जेवढं पाजलं तेवढं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशीही थेंबभर पाणी घेईना, ओठ सुकले, शेवटी परत नेऊन सलाइन लावावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘दुखण्याचं औषध किती वेळा दिलंत?’ वहिनी म्हणाली, ‘एकदा.’ डॉक्टर काही बोलले नाहीत. पण वहिनीने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला, आणि पुढचे कितीतरी दिवस ती स्वतःला आई म्हणून नापास ठरवत होती.

मला ते सहन होईना. म्हणून मी वाचायला बसले, की ऑपरेशन झालेलं मूल आईबापांच्या हातात देऊन घरी पाठवायचं, हे मुळात सुरू कधी झालं? आणि दुखणं सांभाळायचं काम आईबापांकडे आलं, तेव्हा ते कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं होतं का?

तर चला, ग्लासगोला. स्कॉटलंड, 1900च्या आसपासचा काळ. जहाजबांधणीचं शहर, धूर, दाटीवाटीच्या चाळी. हो, चाळीच म्हणते मी, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. तिथे मुलांच्या हॉस्पिटलची वेस्ट ग्रॅहम स्ट्रीटवर डिस्पेन्सरी होती, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. तिथे जेम्स निकोल नावाचे सर्जन काम करायचे. 1909 साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बेलफास्टच्या सभेत हिशोब मांडला : दहा वर्षांत त्या डिस्पेन्सरीत मुलांची 8,988 ऑपरेशनं झाली, आणि ती मुलं वॉर्डात दाखल न करता घरी पाठवली. दुभंगलेला ओठ, टाळू, हर्निया, अशी ऑपरेशनं. जखम बंद करायची, वर कोलोडियनचा थर लावायचा आणि बाळ आईच्या कडेवर द्यायचं.

निकोल यांचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाला वॉर्डातल्या खाटेवर एकटं ठेवून काय साधतं? ते रडरड रडतं, टाके ताणले जातात. आईजवळ ते शांत पडून राहतं. आणि मोठ्या मुलांना सक्तीने झोपवून ठेवण्यात खाटाही अडकतात आणि पैसाही. त्या काळी हे फारच धाडसी होतं. बऱ्याच सर्जनांना ते पटलं नाही.

पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. निकोल यांनी मुलं घरी पाठवली, आणि त्यांच्यामागे नर्सही पाठवली. घरोघर जाऊन बाळ बघायचं, जखम बघायची, आईशी बोलायचं. शिवाय हॉस्पिटलजवळ एक छोटं घर ठेवलं होतं, अंगावर पिणारी बाळं आणि त्यांच्या आया तिथे राहू शकत होत्या. निकोल यांच्यासाठी ‘घरी पाठवणं’ म्हणजे आई, बाळ आणि नर्स असं तिघांचं काम होतं. ही नर्स लक्षात ठेवा. पुढे ती गायब होणार आहे.

मधली पन्नासेक वर्षं भराभर ओलांडू. या काळात उलटा प्रकार झाला : मुलं वॉर्डात आणि आईबाप गेटबाहेर. ब्रिटनमधल्या कित्येक हॉस्पिटलांत आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटायला परवानगी असायची. आई दिसली की पोरं रडतात, म्हणून आईलाच येऊ द्यायचं नाही, असा तर्क. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी हॉस्पिटलात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म काढली, ती पाहून डॉक्टर मंडळी चिडली होती. 1959 मध्ये सरकारी प्लॅट अहवाल आला आणि त्याने सांगितलं, आईबापांना येऊ द्या, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या.

आणि याच काळात, म्हणजे मुलं पूर्णपणे डॉक्टर-नर्सच्या ताब्यात होती तेव्हा, त्यांच्या दुखण्याचं काय चाललं होतं? इथे मी वाचता वाचता थांबले होते. 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी लिहिलं, की ऑपरेशननंतर लहान मुलांना वेदनाशामक औषधाची फारशी गरज पडत नाही, ती त्रास चांगला सोसतात. माझ्या आईचं ‘शहाणी आहे गं पोर’ आठवलं? तेच वाक्य, फक्त इंग्रजीत आणि छापील.

जोआन एलंड या नर्सने सत्तरच्या दशकात साधी मोजदाद केली. ऑपरेशन झालेली 25 मुलं घेतली, चार ते आठ वर्षांची. त्यांतल्या 13 जणांना हॉस्पिटलात असेपर्यंत दुखण्याचं एकही औषध मिळालं नव्हतं. उरलेल्या बारांना मिळून 24 डोस. मग तिने तशाच दुखण्याचे 18 मोठे पेशंट पाहिले. त्यांना मिळून 671 डोस. पंचवीस मुलांना चोवीस आणि अठरा मोठ्यांना सहाशे एकाहत्तर. मुलं सोसत होती हे खरं, पण त्यांच्यापुढे दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

तान्ह्या बाळांची गोष्ट याहून वाईट. त्यांच्या नसा पुरत्या तयार नसतात, त्यांना आपल्यासारखं दुखत नाही, अशी समजूत होती. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल झेपणार नाही, ही भीती. 1985 मध्ये वॉशिंग्टनमध्ये दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या एका बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याचं ऑपरेशन झालं. हालचाल होऊ नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध दिलं होतं, आणि दुखू नये म्हणून काहीच नाही. पाच आठवड्यांनी ते बाळ गेलं. ही गोष्ट आईला कुणी आपणहून सांगितली नाही. तिने नंतर प्रश्न विचारले, कागद मागितले, तेव्हा कळलं. मग तिने पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि 1986 मध्ये गोष्ट वर्तमानपत्रात आली तेव्हा अमेरिका हादरली.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये एक भारतीय डॉक्टर नेमका हाच प्रश्न तपासत होता. कंवलजीत सिंग आनंद. एमबीबीएस कुठलं? इंदूरचं. होळकरांचं इंदूर, म्हणजे आपल्याला अर्धं घरच! त्यांनी पाहिलं की ऑपरेशनहून परत येणारी नवजात बाळं जात तेव्हा ठीक असतात आणि येताना अगदी कोलमडलेली असतात. 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. तेच हृदयाजवळचं ऑपरेशन, 16 बाळं. अर्ध्यांना नेहमीची हलकी भूल, अर्ध्यांना त्यासोबत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक. ज्यांना ते मिळालं त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. म्हणजे वेदना कमी करणं हा नुसता दयाळूपणा राहिला नाही, बाळ बरं होण्याचा तो भाग ठरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यायला हवं, असं जाहीर केलं.

इथे गोष्ट छान संपायला हवी होती. डॉक्टरांना कळलं, मुलांना दुखतं. पण हे ज्ञान हॉस्पिटलात पोचत होतं तोवर मुलं हॉस्पिटलातून बाहेर पडायला लागली होती. 1970 मध्ये अमेरिकेत फिनिक्स शहरात फक्त एका दिवसाच्या ऑपरेशनांसाठी स्वतंत्र केंद्र उघडलं. भुलीची औषधं सुधारली, खर्च वाढत गेला, आणि सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, हा जगभरचा रिवाज झाला. निकोल जिंकले म्हणायचं. फक्त त्यांची ती नर्स मागे राहिली. तिच्या जागी आला एक कागद.

त्या कागदाचं पुढे घरी काय होतं, हे नीट पाहिलं कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या लोकांनी. ॲलन फिन्ली, पॅट्रिक मॅकग्रा आणि सहकारी, 1996. त्यांनी 189 मुलांच्या आईबापांना तीन दिवसांची डायरी लिहायला दिली : किती दुखलं, तुम्ही काय केलंत. ऑपरेशनं तथाकथित ‘किरकोळ’. कानाच्या पडद्याला छेद दिलेल्या मुलांना खरंच फार दुखलं नाही. पण टॉन्सिल्स, सुंता, तिरळेपणाचं ऑपरेशन, यांत बऱ्याच मुलांना चांगलंच दुखत होतं. आणि आईबापांना ते कळत होतं! तरीही बहुतेकांनी औषध अपुरं दिलं.

2009 मध्ये अमेरिकेत टॉन्सिल्स काढलेल्या 261 मुलांवर पुन्हा तेच पाहिलं गेलं. घरी पहिल्या दिवशी 86 टक्के मुलांना बऱ्यापैकी दुखतंय असं आईबापच सांगत होते, आणि तरी त्यांतल्या 24 टक्के मुलांना अख्ख्या दिवसात एकही डोस मिळाला नव्हता किंवा फक्त एक. फक्त एक! मी हे वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘म्हणजे मी एकटी नाही.’

का देत नाहीत आईबाप? कारणं ऐकाल तर आपल्याच घरातली वाटतील. औषधाची सवय लागेल. आता दिलं तर खूप दुखेल तेव्हा चालणार नाही. दुखत असेल तर पोर सांगेलच की. यातलं ‘चालणार नाही’ हे तर पूर्ण उलटं आहे. टॉन्सिल्सनंतर दुखणं वाढू दिलं की गिळणं बंद होतं, गिळणं बंद झालं की औषध पोटात जात नाही. चिऊचं हेच झालं.

पण भीतीबद्दल बोलताना मला जरा थांबायचंय, कारण तिला हसणं सोपं आहे. आपल्याकडे ‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग कुठून आला असेल? मुंबईच्या गिरण्यांत पाळी करणाऱ्या बायका बाळ झोपून राहावं म्हणून त्याला बाळगोळी द्यायच्या, आणि तीत अफू असायची. 1920च्या दशकातल्या गिरणी कामगारांवरच्या पाहण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा येतं. इंग्लंडातल्या गिरणी शहरांत तेच काम गॉडफ्रीज कॉर्डियल करायचं, अमेरिकेत मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप, त्यात मॉर्फिन. किती बाळं त्या झोपेतून उठली नाहीत. त्या बायांना नावं ठेवू नका. दिवसभर साच्यावर उभं राहायचं तर बाळ कुणाकडे ठेवणार होत्या त्या? तेव्हा ‘औषध देऊन पोराला झोपवू नये’ असं एखादी आजी म्हणते, तेव्हा त्यामागे खरीखुरी मेलेली बाळं आहेत. आणि अगदी अलीकडचंही आहे : तापावर सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड आपल्या सरकारने 2011 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केलं.

त्याहून अवघड गोष्ट कॅनडातलीच. दोन वर्षांचा मुलगा, घोरण्याचा त्रास, टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्स काढले, त्याच दिवशी घरी. सोबत कोडीन आणि पॅरासिटामॉलचं सिरप. कोडीन म्हणजे अफूच्याच कुळातलं, पण सौम्य आणि सुरक्षित मानलेलं, वर्षानुवर्षं मुलांना दिलं जाणारं. घरी दिलेला डोस नेमून दिलेलाच होता. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी मुलगा उठलाच नाही. तपासात कळलं, की कोडीन शरीरात गेल्यावर यकृत त्याचं मॉर्फिन करतं, आणि काही लोकांच्या जनुकांमुळे हे काम फारच झपाट्याने होतं. हा मुलगा त्यांतला होता. 2009 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिल्सनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालच्यांना ते देऊच नये असं सांगितलं.

म्हणजे बघा, ज्या घराने कागदावर लिहिलेलं तंतोतंत पाळलं तिथे हे झालं. आणि माझ्या वहिनीने भीतीपोटी कमी दिलं तर तिला सलाइनची बाटली बघावी लागली. दोघींनाही कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं, की ही बाटली कसली आहे, कधी द्यायची, आणि काय दिसलं तर धावत परत यायचं. सांगणाऱ्याला दहा मिनिटं लागली असती.

त्या तीन अक्षरांचंही बघितलं मी. मला वाटायचं बुडत्या जहाजाचा इशारा. प्रत्यक्षात ते लॅटिन आहे, ‘सी ओपुस सिट’, म्हणजे ‘गरज पडल्यास’. गरज पडली की नाही हे कुणी ठरवायचं? पाच वर्षांच्या मुलीने? तिला तर वाटतं सांगितलं की सुई टोचतील.

यावर हॅलिफॅक्सच्याच लोकांनी 1996 मध्ये एक तोडगा काढला होता, आणि तो मला भयंकर आवडला. त्यांनी आईबापांना विचारलं, तुमच्या मुलाला दुखतंय हे तुम्हाला कशावरून कळतं? त्या उत्तरांमधून 15 प्रश्नांची यादी केली. सगळ्यांचं उत्तर हो किंवा नाही. नेहमीपेक्षा कमी खेळतंय का? जास्त गप्प आहे का? जेवायला नको म्हणतंय का? दुखरा भाग धरून बसतंय का? तुमच्याजवळच राहायचा हट्ट करतंय का? सहा किंवा जास्त ‘हो’ आले तर मुलाला नक्की दुखतंय असं समजायचं. रडण्याचा उल्लेख त्यात आहे, पण पंधरांतला एक म्हणून. गप्प बसणं, मांडीवरून न उतरणं, पाणी नाकारणं, असं मोजत गेलं तर चिऊचे पहिल्याच संध्याकाळी सहाच्या वर भरत होते. आणि आम्ही तिला शहाणी म्हणत होतो.

सलाइन लावलं त्या दिवशी त्या गप्प बसलेल्या डॉक्टरांनी एक चांगलं काम केलं. एसओएस खोडलं आणि वजन करून डोस लिहिला, घड्याळाच्या वेळा घालून. बाटलीही नीट बघायला सांगितली. हे तुम्हीही बघा, कारण आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये 5 एमएलला 125 मिलिग्रॅमही असतं आणि 250ही, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत एकाच एमएलमध्ये 100. खोकं सारखंच, चमचा तोच, औषध दुप्पट. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. डोस मात्र मला विचारू नका, तो तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या मुलाचं वजन बघून सांगायचा. अजून एक त्यांनी सांगितलं : तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं, आणि कान दुखतो असंही म्हणेल, घाबरू नका, घशाची आणि कानाची एक नस सामायिक आहे. रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, तडक यायचं.

वहिनीने मोबाइलवर अलार्म लावले, रात्रीचाही. पाचव्या दिवशी चिऊ खरंच म्हणाली, कान दुखतो. वहिनी शांतपणे म्हणाली, माहितेय मला.

त्या पंधरा प्रश्नांतला एक मी मुद्दाम मागे ठेवला होता : ‘एरवी औषधाला नाही म्हणणारं मूल औषध घेतंय का?’ चिऊ ही औषधाची बाटली दिसली की घर डोक्यावर घेणारी मुलगी. त्या आठवड्यात अलार्म वाजला की ती स्वतः तोंड उघडून बसायची. नवव्या दिवशी दुपारी अलार्म वाजला आणि चिऊ दिसेना. शोधलं तर पडद्यामागे, तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून. ‘मी नाही घेणार! घाण लागतं ते!’

वहिनीने फोन उचलला आणि अलार्म बंद केला.